इंदूअक्कांचा झाडण्याचा पाठ

इंदूअक्का चौधरींबद्दल चार शब्द लिहा, म्हणून केंद्रातल्या मुली माझ्या मागे लागल्या आहेत. चार शब्द! त्या बाईबरोबर मी एवढी वर्षं काढली, पण ज्याच्या मागून लगेच ‘पण’ येत नाही असं एक धड वाक्य मला अजून सुचत नाही. अक्का फार प्रेमळ होत्या, पण. अक्का फार कडक होत्या, पण. शेवटी त्या सुरतेला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या, त्यामुळे आता विचारायचीही सोय राहिली नाही. विचारलं असतं तरी सांगितलं असतं थोडंच? “तुला काय वाटतं?” असं उलट मलाच विचारून मोकळ्या झाल्या असत्या.

आधी त्या काय करायच्या ते सांगते, म्हणजे माझ्या डोक्याचा भुगा का झाला ते कळेल. धुळ्यात देवपूरला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, बालवाडीच्या शिक्षिकांना मॉन्टेसरी पद्धत शिकवणारं आमचं लहानसं केंद्र आहे. मी तिथे शिकवते आणि किल्ल्याही सांभाळते. वर्षभराचा अभ्यास असतो. वस्तीवरच्या, पाड्यावरच्या बाईला त्याची फी कुठून परवडणार? आणि फी कुणी भरली तरी तिची रोजची मजुरी बुडते, ती कोण देणार? अक्का म्हणायच्या, दोन्ही द्यायचं. लोक कपाळाला आठ्या घालायचे. शिकायचं पण हिनं आणि मजुरी पण हिलाच? त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं. “उपाशी बाई पोरांना काय शिकवेल? ती पोरांच्या डब्याकडे बघत बसेल.”

हे पैसे उभे करायचं काम अक्कांना कुणी दिलं नव्हतं. जळगावला आयुष्यभर बालवाडी चालवली, यजमान गेल्यावर धुळ्याला भावाशेजारी राहायला आल्या, आमच्याकडे शिकवायला लागल्या आणि पैशाचंही स्वतःच अंगावर घेतलं. आणि पैसे आणायच्या कुठून, तर गंधमुक्तीतून.

आमच्या खान्देशात माणूस गेल्यावर गंधमुक्तीच्या दिवशी सगळे नातेवाईक जमतात. दोन-चार भाषणं होतात, मग कुणीतरी माइक हातात घेऊन सांगतो की गेलेल्याच्या नावाने घरच्यांनी मंदिराला इतके दिले, गोशाळेला इतके दिले. अक्कांनी नेमकी ती जागा हेरली होती. सकाळी चहाबरोबर पेपरातलं निधनाचं पान. पुढे मोबाइल आल्यावर समाजाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. “रावेरकडचे पाटील गेले गं. केळीचे मोठे बागायतदार. चल, एसटी गाठू.” पांढरं पातळ नेसून पुढच्या रांगेत बसायच्या आणि देणग्यांची घोषणा सुरू झाली की उठून सरळ माइक हातात घ्यायच्या.

“बापाच्या नावानं पाण्याची टाकी बांधाल, ती चार वर्षांत गळेल. एक बाई शिकवा. बाई गळत नाही.”

मांडवात हसू फुटायचं. गंधमुक्तीला! जो गेला तो सुटला बिचारा, मागे मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. पुढे पुढे तर लोक अक्कांना लांबून बघितलं की पाकिटाला हात लावून बघायचे. एकदा धुळ्यातच एका मुसलमान व्यापाऱ्याच्या घरी चाळिसाव्याला गेल्या. तिथे माइक नव्हता. आत बायकांत जाऊन बसल्या, तासाभराने बाहेर आल्या, तेव्हा त्या घरच्या आजींनी मोहल्ल्यातल्या एका मुलीची सगळी जबाबदारी घेतली होती.

बरं, या सगळ्यावर अक्कांचा विश्वास होता म्हणावं तर तेही नाही. स्वतःच्या यजमानांचं दहावं-बारावं त्यांनी काहीही केलं नव्हतं, भावकीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मेलेल्या माणसाला काय कळतं, असं म्हणायच्या आणि तासाभराने माइकवरून, “त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल.” मी एकदा न राहवून विचारलं, “अक्का, तुम्हाला आत्मा मान्य आहे की नाही? एकदाचं सांगा.”

“देणाऱ्याला आहे ना? मग झालं.” आणि वर मलाच, “जेवलीस का नीट? वांग्याची भाजी छान घोटली होती.”

आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

शिकवतानाही तसंच. ठेंगण्या, जाडसर बाई, गुडघ्याने अधू, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. पण एकदा पाट टाकून खाली बसल्या आणि दाखवायला लागल्या की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. या पद्धतीत शिक्षिकेने तोंडाने सांगायचं नसतं, हाताने सावकाश करून दाखवायचं असतं. अक्का तांब्यातून पेल्यात पाणी ओतायच्या ते बघताना मला, जिला अर्धा मिनिट गप्प बसवत नाही, तिलाही बोलायचं सुचत नसे. ‘शाब्बास’ हा शब्द त्यांनी केंद्रातून हद्दपार केला होता. “शाब्बास म्हटलं की पोर हातातलं काम सोडून तुझ्या तोंडाकडे बघायला लागतं.” आणि हीच बाई, कुणी भरीत चांगलं झालंय म्हटलं की दिवसभर गालातल्या गालात हसत फिरायची!

पोराला मदत करायची नाही, हा तर त्यांचा धर्मच. एकदा जळगावच्या स्टँडवर आम्ही एसटीत बसलो होतो. एक एवढंसं पोर स्वतःच्या पायाने पायरी चढायला बघत होतं. त्याच्या आईने उचलायला हात पुढे केला, तो अक्कांनी वरून धरला.

“थांब माय, चढून राह्यलं ना ते.”

पोर एक पाय वर टाकी, परत खाली घेई. मागे रांग लागली. कंडक्टर म्हणाला, “अक्का, गाडी आज धुळ्याला पोचवायचीय.” अक्का म्हणाल्या, “पोचंल की. ते पण पोचंल.” शेवटी पोर चढलं. सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या आणि अक्कांनी सगळ्या गाडीला झापलं, की टाळ्या कशाला वाजवता? आईला मात्र त्यांनी आपल्या शेजारी बसवलं, पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि तिच्या हातात दिलं. चांगली घोडी झालेली बाई, तिला केळं सोलून! आणि पोराला म्हणाल्या, “तुझं तू सोल.”

सगळ्या पाठांत त्यांच्या जिवाचा पाठ म्हणजे झाडण्याचा. हसू नका. मॉन्टेसरीत तो खराच असतो. मुलाच्या हाताला येईल एवढी छोटी केरसुणी, छोटी सुपली. जमिनीवर खडूने एक गोल काढायचा, चारी बाजूंनी कचरा त्या गोलात आणायचा, मग सुपलीत भरायचा. अक्का म्हणायच्या, ज्या दिवशी पोर आपण केलेला पसारा आपण आवरतं, त्या दिवशी ते मोठं होतं. बाकीच्या पाठात चुकलात तर चालायचं. या पाठात चुकलं की पहिल्यापासून.

आणि या पाठावरच सगळं अडलं.

झालं असं, की रावेरकडच्या किशोरभाऊंची आई गेली. केळीचा धंदा, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं भरलेलं घर. गंधमुक्तीला अक्कांनी नेहमीप्रमाणे माइक घेतला आणि किशोरभाऊंनी तिथल्या तिथे एका बाईचं वर्षभराचं सगळं कबूल केलं. एकच म्हणणं, की आईच्या वर्षश्राद्धाला प्रमाणपत्र मी माझ्या हाताने देईन. यात काही वावगं नव्हतं. अक्कांनी त्या पैशावर वैशाली सोनवणेला घेतलं.

वैशाली सोनगीरजवळच्या एका खेड्यातली. बौद्ध वस्तीवर राहणारी, बारावी झालेली, कापूस वेचायला जाणारी. नवरा ट्रकवर, म्हणून ती माहेरीच. वस्तीची बालवाडी शिक्षिका नाही म्हणून बंद पडली होती. समाजमंदिराची खोली मोकळी होती, आयांनी पोरांची नावंसुद्धा देऊन ठेवली होती, फक्त वैशालीचं प्रमाणपत्र यायचं बाकी होतं. पोरगी अशी हुशार की अक्का तिला पाठ करताना बघायच्या तेव्हा चष्मा पुसायच्या. शाब्बास अर्थातच म्हणायच्या नाहीत.

वर्ष संपत आलं. एकेकीने अक्कांसमोर पाठ द्यायचे होते. वैशालीने सगळे दिले. झाडण्याच्या पाठाची वेळ आली तेव्हा ती जागची उठलीच नाही.

“अक्का, हा पाठ मी देणार नाही.”

“का गं? हात दुखतोय?”

“नाही. माझ्या बालवाडीत पोरांच्या हातात झाडू जाणार नाही. मग खोटं खोटं इथे कशाला देऊ?”

वर्गातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वैशाली आवाज न चढवता बोलत होती. “माझी मोठमाय, म्हणजे वडिलांची आई, अख्खं गाव झाडायची. वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. माझ्या बापाला शाळेत रोज वर्ग झाडायला लावायचे. सगळ्यांना नाही, त्यालाच. आता वस्तीतली आई पोराला आंघोळ घालणार, पावडर लावणार, शाळेत धाडणार, आणि मी त्याच्या हातात काय देऊ?”

अक्का म्हणाल्या, “इथे सगळेच झाडतात, वैशाली. पाटलाचंही पोर झाडतं.”

“पाटलाचं पोर झाडतं तेव्हा आईबाप फोटो काढतात, अक्का. आमचं झाडतं तेव्हा कुणी बघतसुद्धा नाही.”

अक्कांचा चेहरा लालबुंद झाला. “हा पाठ नाही तर प्रमाणपत्र नाही. मी सगळ्यांना एकच नियम लावते.”

“मग नाही तर नाही,” वैशाली म्हणाली. आपलं साहित्य तिने कपाटात जिथलं तिथे ठेवलं आणि सोनगीरची गाडी धरायला निघून गेली.

माझं काय झालं ते सांगते. जिना उतरताना मला वैशालीचं शंभर टक्के पटलं होतं. खाली चहाच्या टपरीवर अक्का म्हणाल्या, “झाडणं हलकं नाही, हे मोठ्या माणसांना सांगून कळत नाही म्हणून पोरांपासून सुरू करायचं. ती म्हणते पोरांपासून नको. मग कुणापासून?” आणि मला अक्कांचं शंभर टक्के पटलं. घरी पोचेपर्यंत पुन्हा वैशालीचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू कुणाच्या बाजूने आहेस ते आधी ठरव.” ठरलं असतं तर त्याला कशाला विचारलं असतं?

वर्षश्राद्ध जवळ आलं. वैशाली काही आली नाही. तिकडे किशोरभाऊंचे फोन, की पेढे किती आणू? अक्का एके सकाळी म्हणाल्या, “चल, तिच्या घरी जाऊ. घरच्यांशी बोलते. मोठं माणूस असेलच कुणी समजूतदार.”

गेलो. उन्हं तापायला लागली होती. वैशाली दारातच होती. आम्हाला बघून आनंद झालाय की राग आलाय, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने पाणी दिलं. ओट्यावर मोठमाय बसली होती, सुरकुतलेली, डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. अक्कांनी तिलाच सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. आणि काय सांगू, म्हातारीने अक्कांचीच बाजू घेतली!

“तिनं नका आयकू, अक्का. पोर येडी शे. झाडाले कसानी लाज? मी जलमभर झाडं.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. जिंकल्याचं बघणं होतं ते, मी ओळखते. “बघ वैशाली,” त्या म्हणाल्या, “तुझी मोठमाय काय म्हणते. बसून बोलू या का आपण जरा?” आणि ओट्यावर बसायला गेल्या.

तेवढ्यात म्हातारी उठली. “थांबा, थांबा अक्का. आठे बठ्ठी धूय शे. जरासं झाडीसन देस.” इथे सगळी धूळ आहे म्हणे. कोपऱ्यातला झाडू तिने न बघता बरोबर हातात घेतला आणि कमरेत वाकली. आम्ही नको नको म्हणत होतो. ती ऐकेना. अक्कांच्या पायापुढची जमीन झाडत झाडत ती मागे मागे सरकायला लागली. मान खाली, आमच्या अंगावर तिची सावली पडू नये अशी अंग चोरून. कुणीही सांगितलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर!

वैशाली पुढे झाली आणि तिने हलकेच म्हातारीच्या हातातून झाडू काढून घेतला. “मोठमाय, राहू दे.” मग अक्कांकडे बघून म्हणाली, “बघितलं ना?” एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

अक्का तिथेच, जिथे झाडलेलं नव्हतं तिथे, धुळीत बसल्या. पाट नाही, सतरंजी नाही, दुखऱ्या गुडघ्यासकट. मग त्यांनी म्हातारीला विचारलं, गुडघे दुखतात का, आणि दोघी गुडघ्यांवर बोलत बसल्या. झाडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. आता यांचं मत बदललं असणार, अशी माझी खात्री झाली होती. पांझरेच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्या पुटपुटल्या, “मले अजून तसंच वाटते वं.” त्यांच्या माहेरची ही रावेरकडची बोली माझ्याशी बोलताना फक्त गोंधळ उडाला की यायची. घरी उतरताना नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “उद्या डाळ भिजत घालायची आठवण कर.” घ्या!

वर्षश्राद्धाचा दिवस आला. सकाळी तिकडचे विधी आटोपून किशोरभाऊ दुपारी धुळ्याला आले. आईचा हार घातलेला फोटो, पेढ्यांचे खोके, बरोबर बायको. अक्कांनी निरोप धाडला होता म्हणून वैशालीही आली होती. निळी साडी नेसून, ताठ बसलेली. प्रमाणपत्र अक्कांच्या टेबलावर पडलं होतं, सहीविना. ही सही झाली नाही तर सोनगीरकडची ती खोली उघडणार नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. किशोरभाऊ सोडून.

अक्कांनी काही झाकून ठेवलं नाही. “किशोर, तुझ्या आईच्या नावाची विद्यार्थिनी फार चांगली आहे. पण एक पाठ द्यायचा राहिलाय.”

“कुठला?”

“झाडायचा.”

किशोरभाऊ मोकळेपणाने हसले. माणूस वाईट नाही, सांगून ठेवते. “अहो अक्का, एवढंच ना! ताई, देऊन टाका की. दोन मिनिटांचं काम.”

वैशालीने त्यांच्याकडे बघितलं. “भाऊ, तुमच्या घरी कोण झाडतं?”

“आमच्याकडे? बाई येते.”

“कुठली?”

“गावातलीच. खालच्या...” आणि किशोरभाऊ थांबले.

“तिच्या आधी कोण यायचं?”

“तिची सासू,” ते म्हणाले. आवाज एवढा खाली गेला होता की त्यांच्या बायकोने वळून बघितलं.

मी अक्कांकडे बघत होते आणि मला खरंच रडू यायला लागलं होतं. कुणासाठी, ते मात्र विचारू नका. अक्कांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पेन उघडलं आणि सही केली. कागद किशोरभाऊंच्या हातात दिला.

“दे तिला. उशीर झाला, पेढे वितळतील.”

“पण अक्का, तो पाठ...” किशोरभाऊ म्हणाले.

“तू दे.”

त्यांनी दिला. वैशालीने घेतला आणि अक्कांच्या पाया पडायला वाकली, तर अक्कांनी पाय मागे घेतले.

“मला अजून पटलेलं नाही, वैशाली.”

“मलाही नाही, अक्का.”

आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या! म्हणजे भांडण मिटलं म्हणावं तर मिटलेलं नव्हतं, आणि हसू खोटं म्हणावं तर दोघींचे डोळे भरलेले. किशोरभाऊ “येतो” म्हणून निघून गेले. मी आपले पेढे वाटले.

त्यानंतर अक्का मवाळ झाल्या असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढच्या वर्षी एका मोठ्या घरची सून आली, स्वतःची फी स्वतः भरून. झाडण्याच्या पाठाला नाक मुरडून म्हणाली, “आमच्याकडे हे असलं करत नाहीत, मी बाकीचे पाठ देते.” अक्कांनी तिच्याकडून तो पाठ आठवडाभर करून घेतला. रोज, पहिल्यापासून, घाम फुटेपर्यंत. ती मला येऊन म्हणाली, “वैशालीला सूट आणि मला नाही, हा कुठला न्याय?” मी अक्कांना तिचा निरोप सांगितला. अक्का म्हणाल्या, “बरोबर विचारलं तिनं.” आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा केरसुणी दिली. नियम सगळ्यांना एकच म्हणणाऱ्या या बाईचा खरा नियम कुठला होता? कधी वाटतं मला उमगलाय, आणि सांगायला गेलं की निसटतो.

सुरतेला जायच्या आधी थंडीच्या दिवसांत अक्का म्हणाल्या, “वैशालीकडे जाऊन येऊ.” त्यांना आता धरून चालवावं लागायचं. समाजमंदिराच्या दारात वैशालीने आम्हाला बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीलगतची दोन बुटकी स्टुलं दाखवली. पोरं कामात होती. अक्का मुकाट्याने जाऊन बसल्या. खोली लख्ख होती. पोरं चटया अंथरून आपापलं काहीतरी करत होती, कुणी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही.

आमच्या समोरच एक चारेक वर्षांची मुलगी चमच्याने तुरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होती. वाटीला कोपर लागलं आणि दाणे खोलीभर उधळले. माझी नजर आपसूक अक्कांकडे गेली. अक्कांची भिंतीवरून फिरली. केरसुणी कुठेच नव्हती. वैशाली पलीकडे एका पोराजवळ बसली होती. तिने बघितलं, पण ती उठली नाही.

मुलगी खाली बसली आणि एकेक दाणा वेचून वाटीत टाकायला लागली. दाणे खूप होते आणि बोटं एवढीशी. बराच वेळ गेला. आणि मग, पोराला कधी हात न लावणाऱ्या आमच्या अक्का स्टुलावरून उठल्या, भिंतीला धरून, ओठ आवळून, कशाबशा गुडघ्यांवर खाली बसल्या आणि तिच्याबरोबर दाणे वेचायला लागल्या. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मूठभर झाले असतील, तेव्हा मुलीचं लक्ष गेलं. तिने अक्कांचं मनगट धरलं.

“आजी, तू नको येचू. मी सांडेल शेतस, मीच येचसू.”

मला वाटलं अक्का आता हसतील, नाहीतर रडतील. दोन्ही नाही. त्यांनी मूठ उघडली आणि वेचलेले दाणे, जिथून उचलले होते तिथे, एकेक करून परत जमिनीवर ठेवले. मुलीने ते सगळे ठेवून होईपर्यंत वाट बघितली आणि मग पहिला उचलला.